रांजणातला समुद्र

१

आमच्या हौसाला, माझ्या लेकीला, नाटे गावात दिली ते साल सन १९३४. लग्न माघातलं. मांडवाचे वासे अजून परसात पडून होते, शिमगा तोंडावर आला होता, आणि तेवढ्यात महिपत सुर्व्याची कालवं मेली.

कालवं मेली तर त्यात एवढं काय, असं कोणीही म्हणेल. खडकाला चिकटलेले हे शिंपले फोडून आमच्या बायका टोपल्या भरतात. पण ही कालवं निराळी होती. नुकती अंड्यातून निघालेली, डोळ्यांना धुळीएवढीसुद्धा न दिसणारी. महिपत ती काचेच्या टाक्यांत वाढवत होता.

मुंबईच्या एका कॉलेजाने भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी बंगला भाड्याने घेतला होता. प्राणिशास्त्र शिकणारी मुलं शेवटच्या वर्षी तिथे येऊन राहत. नुसतं पुस्तक पाठ करून त्यांना पदवी मिळत नसे. समुद्रातला एखादा जीव माणसाच्या उपयोगी कसा आणायचा, ते हातांनी करून दाखवावं लागे. कालवांची शेती करता येईल, असं महिपतच्या मनात होतं. भातासारखी रोपं आधी घरात करायची आणि मग खाडीत लावायची, असं तो मला समजावून सांगे. तो लांज्याकडचा. बाप मुंबईला गिरणीत, आई नव्हती. आमच्याकडे मासळी खाणारी माणसं पुष्कळ, पण तिच्याशी बोलत बसणारा माणूस मी तो एकच पाहिला.

मी बंगल्याचा होडीवाला. भगवतीच्या किल्ल्यापलीकडे जाऊन बाहेरच्या समुद्राचं पाणी लाकडी पिंपांतून आणायचं आणि मागच्या पडवीतल्या रांजणात ओतायचं, हे माझं काम. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. गाळ खाली बसला की मुलं वरचं नितळ पाणी करवंटीने काढून टाक्यांत भरत. तसा नियमच होता.

त्या सकाळी मी पिंपं उतरवत होतो. महिपत दुर्बिणीवर वाकलेला होता. थेंबभर पाण्यातलं मोठं करून दाखवणारी ती दुर्बीण.

"लवूदादा, जरा इकडे ये."

मी डोळा लावला. आदल्या आठवड्यात त्याने मला हेच दाखवलं होतं, तेव्हा आत नुसती धावपळ होती. आता काही हलत नव्हतं.

"झोपलीयत काय?" मी विचारलं.

"मेलीयत. परत एकदा. सगळ्याच्या सगळ्या टाक्या."

मागून प्रोफेसर शेंडे आले. उंच, किडकिडीत, वाईकडचे गृहस्थ. त्यांनी एकेका टाकीतला थेंब पाहिला आणि चष्मा पुसत म्हणाले, "ही दुसरी खेप, सुर्वे. सोमवारी परीक्षक येणार. त्यांना काय दाखवणार?"

"सर, मी सगळं नियमाप्रमाणे केलंय."

"मग एक तर तुमच्या हाताला हे काम जमत नाही, नाहीतर कोणीतरी विष घातलंय. विष घातलं असेल तर ते दाखवा. नाही दाखवता आलं, तर प्रयोगाच्या कामाला हा विद्यार्थी लायक नाही, असं मी परीक्षकांना सांगणार. मग पदवी विसरा."

ते माडीवर निघून गेले. महिपत बराच वेळ टाकीवर हात ठेवून उभा होता, आजारी जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा.

२

शेजारच्या घरात आप्पा शेट्ये राहत. जकात खात्यातून निवृत्त झालेले. गलबतांच्या पोटात दडवलेला माल शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. म्हणून ऊन उतरलं की ते बंगल्याच्या पायरीवर येऊन बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या मोजल्यासारखं करत. महिपत कधीकधी त्यांच्याजवळ बसे. दोघं फारसं बोलत नसत, पण एकाच दिशेला बघत.

मीच त्यांना जाऊन सांगितलं. म्हटलं, पोराचं वर्ष जातंय.

"विष कोणी घातलंन, हे विचारूच नये रे," आप्पा म्हणाले. "कोण म्हटलं की जो तो छाती पिटायला लागतो. माल कुठून निघाला, कुठे थांबला, कोणाच्या हातून गेला, एवढंच विचारावं. बरं, तुझ्यापासून सुरुवात. मारलंस काय तू?"

"आप्पानू, माझं काय वैर त्या पिल्लांशी? जन्मभर मासे मारलेत ते दिसणारे."

"तुला वाचता येत नाय. भलत्या बाटलीतलं काहीतरी ओतलं असशील."

तेव्हा मला खरंच अक्षर येत नव्हतं. बाटल्या मी चिठ्ठीच्या रंगावरून ओळखत असे. पण कपाटाला हात लावायची मला बंदी होती आणि किल्ली मुलांजवळ असे. तसं मी सांगितलं.

"कपाटात जालीम काय आहे?"

"लाल चिठ्ठीची बाटली. रसकापूर. त्याने माणूस पण मरतो म्हणतात."

आप्पा उठले. महिपतकडून किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. पांढऱ्या चिठ्ठीच्या बाटल्या होत्या, निळ्या होत्या, हिरव्या होत्या.

लाल चिठ्ठीची जागा रिकामी होती.

३

बाटली मिळाली ती बाळा पावसकराच्या टेबलावर, टॉवेलाखाली.

बाळा हा दुसरा विद्यार्थी. वकिलाचा मुलगा, केस तेलाने चपचपीत, तोंड सतत चालू. महिपतला तो 'कालवेश्वर' म्हणे. दोघांत जो वरचढ ठरेल, त्यालाच पुढच्या वर्षी कॉलेजात शिकवणाऱ्याची जागा मिळेल, असं सगळे बोलत.

"मी विष घातलं असं म्हणताय का तुम्ही आप्पा?" बाळा हसला, पण कपाळावर घाम होता. "अहो, मेलेला झिंगा कापून बघायचा तर आधी ह्यात बुडवतात. नाहीतर कुजतो. सरांना विचारा. कालच दोन बुडवले, ते बघा बशीत."

बशीत खरंच दोन झिंगे होते, उकडल्यासारखे पांढरे.

"टॉवेलाखाली का ठेवलीस?"

"परत कपाटात ठेवायची राहिली. सर ओरडले असते."

"आणि तुझ्या टाकीतली झिंग्यांची पिल्लं?"

"ती मजेत आहेत."

"महिपतची सगळी मेली, तुझं एकसुद्धा नाय. एकाच छपराखाली."

"नशीब लागतं," बाळा म्हणाला आणि खाली बघायला लागला.

आप्पांनी त्याला आणखी छेडलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाले, "हा काहीतरी लपवतोय. पण विष लपवणारा माणूस बाटली टॉवेलाखाली ठेवत नाय, खाडीत टाकतो."

मग ते माडीवर गेले. शेंडे साहेब खिडकीपाशी बसले होते. मी दारातच थांबलो.

"साहेब, सुर्व्यावर तुमचा एवढा राग का?"

"राग कसला? शिस्त आहे."

"तुमच्या मुलाच्याच वयाचा असेल ना तो? मुलगा आफ्रिकेत असतो असं ऐकलं. पत्र येतं का?"

साहेब एकदम उभे राहिले. "तो विषय ह्या घरात निघत नाही, शेट्ये. तुम्ही कालवांचं बघा."

त्यांच्या घरच्या, सावित्रीबाई, स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या. बंगल्यात बाई अशा त्या एकट्याच. वाईसारख्या नांदत्या गावातून आलेल्या, इथे शेजार ना पाजार. समुद्र खिडकीतून दिसे, पण एकटीने किनाऱ्यावर जायची साहेबांची परवानगी नव्हती. मी पाणी ओतत असलो की त्या पडवीत येऊन उभ्या राहत. एकदा मला विचारलं होतं, "लवू, हे पाणी खाडीचं की खऱ्या समुद्राचं रे?" मी म्हटलं, "बाहेरच्या समुद्राचं, बाईसाहेब. आगबोटी जातात ना, तिथलं." त्या किती वेळ पाण्याकडे बघत राहिल्या होत्या.

"मला त्या कालवांतलं काय कळतंय, आप्पा," त्या म्हणाल्या. "पण पोरगं सकाळपासून जेवलं नाही. एवढी बशी त्याला नेऊन द्या. ह्यांना सांगू नका. मी महिपतला जास्त वाढलं की ह्यांना खपत नाही."

"का हो वहिनी?"

"काय माहीत. विसूच्या वाटचं त्याला देते, असं म्हणतात."

विसू म्हणजे त्यांचा मुलगा. बोलताना त्यांनी दाराकडे बघितलं, साहेब ऐकत नाहीत ना म्हणून.

पोहे घेऊन आम्ही खाली आलो, तर महिपत आपली पत्र्याची ट्रंक भरत होता.

४

"कुठे निघालास?" आप्पांनी विचारलं.

"लांज्याला. सोमवारी सगळ्यांसमोर लायक नाही म्हणून घेण्यापेक्षा आधीच गेलेलं बरं."

"आणि बापाला काय सांगशील?"

महिपत म्हणाला, "बापाने गिरणीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझा पोरगा समुद्रात शेती करणार म्हणून. लोक त्याला हसतात. तो त्यांच्याबरोबर हसतो."

"आधी पोहे खा. मग मला सांग, विष आहे की नाय हे तुम्ही शिकलेले लोक कसं ओळखता?"

महिपत खाता खाता थांबला. बशी बाजूला ठेवली. शिकवलेलं असतं, पण माणूस दुःखात असला की ते आठवत नाही. बाहेरच्या कोणीतरी सरळ प्रश्न विचारावा लागतो.

"पिल्लांनाच विचारायचं," तो म्हणाला. "लवूदादा, खडकावरून ताजी कालवं आणशील? आणि एक घागर समुद्राचं पाणी. मातीची घागर घे, नवी."

मी आणली. त्याने नर-मादी कालवं उघडून त्यांचं रेत आणि अंडी एकत्र केली. दुसऱ्या दिवशी त्या पाण्यात पिल्लांची धावपळ सुरू झाली होती. मग त्याने काचेचे तीन वाडगे मांडले. एकात माझ्या होडीतून थेट आलेलं पाणी. दुसऱ्यात रांजणातलं. तिसऱ्यात मेलेल्या पिल्लांच्या टाकीतलं. तिन्हींत सारखी पिल्लं सोडली आणि आम्ही वाट बघत बसलो. बाळासुद्धा येऊन बसला.

संध्याकाळी महिपतने एकेक थेंब दुर्बिणीखाली घेतला.

"टाकीच्या पाण्यातली मेली," तो म्हणाला. ते अपेक्षितच होतं. "होडीच्या पाण्यातली जिवंत आहेत."

"आणि रांजणातली?"

"मेली."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे टाकीत कोणी काही घातलंनच नाय! पाणी टाकीत यायच्या आधीच वाईट होतं. होडीत चांगलं, रांजणात वाईट. माल रांजणात बदललाय."

"पण मग बाळाची पिल्लं?" मी विचारलं. "तो पण रांजणातलंच पाणी..."

सगळे बाळाकडे बघायला लागले. बाळाचा चेहरा लाल झाला.

"मी नाही घेत रांजणातलं," तो पुटपुटला. "पाणी निवळेपर्यंत कोण थांबणार? लवूच्या पिंपातूनच बादली भरून घेतो. नियम मोडला म्हणून सर हाकलतील, म्हणून बोललो नाही. महिपत, आईची शपथ, मला खरंच माहीत नव्हतं रे."

"म्हणजे तू आळशी म्हणून तुझी जगली," महिपत म्हणाला, "आणि मी नियम पाळला म्हणून माझी मेली."

तो हसला, पण त्या हसण्याने बाळाला रडू आलं.

रांजण माझ्या ताब्यातला. त्यात पाणी ओतणारा मी एकटा.

"लवू," आप्पा म्हणाले, "रांजण उपस."

५

रांजण हंगामाच्या सुरुवातीला एकदा धुतला की पावसाळा जवळ येईतो आत कोणी बघत नसे. गाळ ढवळला तर पाणी गढूळ होतं, म्हणून करवंटी वरच्या वर फिरवायची. मी पाणी उपसत गेलो. खाली हातभर चिखल लागला. त्यात हात घातला तर बोटांना गोल, चपटं काहीतरी लागलं. एक. मग आणखी. मूठ भरून वर काढली.

तांब्याचे पैसे. राजाचं तोंड दिसत नव्हतं, इतके हिरवे पडलेले.

महिपतने एकावरची हिरवी बुरशी काचेच्या नळीत खरवडली. तिच्यावर दोन उग्र वासाचे पातळ पदार्थ थेंब थेंब टाकले. आमच्या डोळ्यांदेखत ते पाणी निळं झालं, मोराच्या मानेसारखं.

"तांबं," तो म्हणाला. "माणसाला काही होत नाही. गोड्या पाण्यात आपण तांब्याचाच हंडा वापरतो. पण खाऱ्या पाण्यात ते उतरत राहतं, आणि एवढ्याशा जिवाला ते विखार आहे."

"मोठ्या गलबतांच्या बुडाला तांब्याचा पत्रा ठोकतात, तो उगाच नाय," आप्पा म्हणाले. "शिंपले चिकटत नाहीत त्याला."

बाळा म्हणाला, "म्हणजे कोणीतरी हुशारीने हे विष वापरलंन. लवूला काय ठाऊक तांब्याचं? ठाऊक आम्हा दोघांना आणि सरांना."

"हुशार माणसाला पिल्लं मारायचीच होती," आप्पा म्हणाले, "तर लाल चिठ्ठीची बाटली हाताशी होती. चमचाभर पुरली असती. आपलेच पैसे चिखलात कोण पुरील? आणि हे बघा, काही पैसे अगदी हिरवे आहेत, काही अजून तांबूस. एकदम पडलेले नाहीत. एकेक करून पडलेत, दिवस मध्ये जाऊ देऊन."

त्यांनी तो तांबूस पैसा तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघितला. त्यांचा आवाज उतरला.

"लवू, नारळीपौर्णिमेला तुम्ही समुद्राला काय देता?"

"नारळ."

"पैसा?"

"पैसा कशाला? समुद्राला नारळ देतात. आजपर्यंत कोणी पैसा दिलेला मी बघितला नाय."

"महिपत, तुमच्या लांज्याला? बाळा, पावसला?"

दोघांनी माना हलवल्या.

"मी पुण्याला गेलो होतो एकदा," आप्पा म्हणाले. "गाडी नदीवर आली की डब्यातले सगळे हात जोडून खाली पैसे टाकत होते. घाटावर, म्हणजे वर देशाकडे, मोठ्या नदीला पैसा वाहतात. हे पैसे कोणी टाकलेले नाहीत रे. वाहिलेले आहेत. ज्याला समुद्राला काही द्यायचंय पण समुद्राकडे जाता येत नाय, आणि ज्याच्या हाताला नदीची सवय आहे, अशा माणसाने."

बंगल्यात घाटावरची माणसं दोनच होती. त्यातल्या एकाला किनाऱ्यावर जायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

"पण बोलू नका कोणी," आप्पा म्हणाले. "मी साहेबांना एकट्याला—"

"कशाला एकट्याला?" पडवीच्या दारातून आवाज आला.

सावित्रीबाई उभ्या होत्या. हातात तिन्हीसांजेचं निरांजन होतं.

६

त्यांनी निरांजन खाली ठेवलं. महिपतच्या हातातली निळी नळी बघितली, मग माझ्या हातातले पैसे.

"माझेच आहेत ते," त्या म्हणाल्या. "त्याने मेली का रे महिपत तुझी पिल्लं?"

महिपतने मान खाली घातली. "काकू, तुम्हाला कसं कळणार?"

"दोन्ही वेळची?"

त्याने हळूच मान डोलावली. त्यांनी पदर तोंडाला लावला. जिन्यावर साहेबांची पावलं वाजली आणि तेही येऊन उभे राहिले. आप्पांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. साहेबांनी नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. ते शिकवणारे होते, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"का टाकलेस?" त्यांनी बायकोला विचारलं.

"विसू बोटीवर चढला तेव्हा तुम्ही मला बंदरावर येऊ दिलं नाहीत. रागात होतात. आमच्या वाईला माणूस कृष्णा ओलांडून परगावी गेला तर आई घाटावर जाऊन पैसा वाहते, सुखरूप आण म्हणून. मी कुठे जाणार होते? दिवाळीनंतर त्याचं पत्र नाही. संक्रांतीला तिळगूळ पाठवला, त्याचंही अजून उत्तर नाही. म्हणून तिळगूळ पाठवला तेव्हापासून दर शनिवारी, दिवा लावायच्या आधी, तुम्ही फिरायला गेलात की..." त्या थांबल्या. "लवू म्हणाला होता, हे आगबोटींच्या वाटेवरचं पाणी आहे. मला वाटलं, समुद्रच आपल्या पडवीत आलाय. इथूनही पोचेल."

बाळा टॉवेलाच्या टोकाने डोळे पुसत होता.

"महिपत," त्या म्हणाल्या, "एका पोरासाठी मी दुसऱ्याचं वाटोळं केलं रे."

"काही वाटोळं झालं नाही काकू," महिपत म्हणाला. "होडीच्या पाण्यातली जिवंत आहेत ना. सोमवारपर्यंत जगवतो मी त्यांना. बाळा, तू करशील मदत?"

"मी? माझं आळशाचं पाणी लागेल तेवढं घे."

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "सुर्वे, मी तुमच्याशी अन्यायाने वागलो. तुम्ही काम चोख केलंत. हे मी परीक्षकांना सांगेन." मग ते बायकोकडे बघत उभे राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि माडीवर गेले.

आप्पा मला हळूच म्हणाले, "हा माणूस रागावला का नाय रे? माझी बायको असती आणि माझ्या कामाचा असा सत्यानाश झाला असता, तर मी निदान ओरडलो असतो."

७

सोमवारी परीक्षक आले. जाडजूड पारशी गृहस्थ. त्यांनी महिपतला बराच वेळ प्रश्न विचारले, दुर्बिणीतून पिल्लांची धावपळ बघितली, तांब्याचं ऐकून तीन वाडग्यांचा प्रयोग पुन्हा मांडायला लावला आणि शेवटी म्हणाले, कालवं वाढवणारे खूप भेटतील, ती मेल्यावर का मेली हे शोधणारा आज भेटला. महिपत पास झाला हे तेव्हाच कळलं. त्याने बापाला तार करायला बाळाला पिटाळलं आणि स्वतः खडकावर जाऊन एकटाच बसला. मी लांबून बघत होतो. तो मोठ्याने काहीतरी बोलत होता, बहुधा मेलेल्या आईशी.

परीक्षकांची मोटार गेल्यावर साहेबांनी मला आणि आप्पांना हाक मारली.

"थोडा वेळ बसा," ते म्हणाले. "मला एकट्याला जमायचं नाही."

त्यांनी सावित्रीबाईंना पडवीत बोलावलं. त्या हात पुसत आल्या, परीक्षकांनी लाडू खाल्ले का विचारत.

"बस," साहेब म्हणाले.

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. त्या बसल्या नाहीत. भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"नाताळात मी कामाला मुंबईला गेलो होतो ना," साहेब म्हणाले, "तेव्हा बंदरावर एक माणूस मला शोधत आला. मोंबाश्याहून परतलेला. विसूच्या खोलीत राहणारा. परत आलो त्या दिवशी मी आल्याआल्या डोक्यावरून आंघोळ केली. तू विचारलंस, एवढ्या थंडीत का. मी म्हटलं, घाम आला होता."

आप्पा खाली मान घालून बसले. त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

"मी त्याला जाऊ नको म्हटलं होतं. भांडून गेला. माझ्या तोंडून हे तुला कसं सांगू, म्हणून रोज उद्यावर टाकत गेलो. आणि तुझ्या ताटातलं सुर्वे खायचा तेव्हा मला बघवत नसे." ते थांबले. "आता तू दर शनिवारी वाट बघणार आणि मी फिरायला जाणार, हे व्हायचं नाही माझ्याकडून."

मग त्यांनी सांगितलं.

विश्वनाथ शेंडे, घरात ज्याला विसू म्हणत, तो आफ्रिकेत मोंबाश्याच्या इस्पितळात तापाने वारला. सन १९३३, मार्गशीर्ष महिना, दत्तजयंतीचा दुसरा दिवस. वय तेवीस.